रोज एक वीत पाणी

पाण्याचा ड्रम न्हाणीघरातून उचलून बाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवायचा, असं आत्माराम सावंतांनी एका रविवारी ठरवलं आणि तिथूनच सगळं बिघडलं. तसा निर्णय शहाणपणाचा होता. एव्हरशाईन सिटीतल्या त्यांच्या बिल्डिंगला पाणी दिवसातून जेमतेम अर्धा तास, टँकरचा भरवसा नाही, आणि ड्रममुळे त्यांना आंघोळीला तिरकं उभं राहावं लागायचं. (पोट हे दुसरं कारण होतं, पण ते बाहेर ठेवता येत नव्हतं.) ड्रम काठोकाठ भरला. झाकण कधीच फुटलं होतं, म्हणून डासांसाठी वर जुना टर्किश टॉवेल अंथरला.

सकाळी बघतात तर पाणी एक वीत कमी. पुन्हा भरलं, पुन्हा एक वीत कमी. चोर असला तरी शिस्तीचा होता. बोटभर जास्त नाही की कमी नाही. शिवाय ड्रमभोवती ओल असायची, म्हणजे घाईत सांडतही होता.

आत्माराम डिप्लोमा कॉलेजात फ्लुइड मेकॅनिक्स शिकवायचे. घनता, चिकटपणा, पृष्ठताण हे सगळं त्यांना झोपेतही सांगता यायचं. (मुलांना झोपेतच ऐकता यायचं.) त्यांनी शास्त्रशुद्ध विचार केला. ड्रमला भोक नाही. वाफ होऊन एका रात्रीत इतकं पाणी जात नाही. मग उरली समोरची शेजारीण.

क्लेमेंटीनबाई मूळच्या वसई गावातल्या, निवृत्त नर्स, एकट्या राहायच्या. त्यांच्या दाराशी कुंड्यांची रांग होती आणि भर मे महिन्यात ती झाडं नको तितकी हिरवीगार होती. आत्मारामांना आणखी पुरावा नको होता. जयवंतीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्या बाईचं नाव घ्यायचं नाही म्हणून बजावलं. बाईंनी केक पाठवला, तो त्यांनी संशयानं न्याहाळला आणि मग तीन तुकडे खाल्ले. कॉलेजला सुट्टी होती. येता-जाता ते दाराच्या भोकाला डोळा लावून समोरच्या दारावर पहारा करू लागले. समोरचं दार उघडायचंच नाही.

शेवटी त्यांनी सापळा लावला. ड्रममध्ये कपड्यांची नीळ ओतली. आता चोराची बादली निळी होणार, कुंड्यांतली माती निळी होणार, आणि जयवंतीला कबूल करावं लागणार.

सकाळी दार उघडलं आणि त्यांचं मन भरून आलं. ड्रमपासून निघालेला निळा ओघळ थेट क्लेमेंटीनबाईंच्या दाराखाली शिरला होता. त्यांनी जयवंतीला साक्षीला बोलावलं, बेल दाबली आणि सार्वजनिक पाणी, शेजारधर्म वगैरे विषयांवर बोलायला सुरुवात केली.

दार उघडायला वेळ लागला. आतून धक्के ऐकू आले आणि मग ते एकदम उघडलं. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि दाराची खालची कड दाखवली. लाकूड पाणी पिऊन टम्म फुगलं होतं.

"सर, मी समजलेले तुम्ही रोज माझ्या दारात पाय धुता," त्या म्हणाल्या. "सगलं पानी माझ्याकडं येते. म्हटलं, कॉलेजचा मानूस, बोलायचं कसं? मग मी पन भोकातून बघत बसले."

म्हणजे इतके दिवस दोघंही आपापल्या बंद दारामागून एकमेकांच्या बंद दाराकडे बघत होते.

जयवंती तोवर ड्रमपाशी गेली होती. टॉवेलचा मधला भाग पाण्यात बुडाला होता. बाहेर लोंबणारं टोक निळंशार झालं होतं आणि टपटप गळत होतं.

"पण पाणी काठावर चढलं कसं?" तिनं विचारलं.

असा प्रश्न ऐकून गप्प बसेल तो मास्तर कसला. आत्मारामांनी बाह्या सरसावल्या. टॉवेलच्या धाग्यांत बारीक फटी असतात, पाणी धाग्याला चिकटतं, पृष्ठताण त्याला वर ओढतो, याला केशाकर्षण म्हणतात, हे त्यांनी रंगवून सांगितलं. "आणि बाहेरचं टोक आतल्या पाण्यापेक्षा खाली असलं, की ते गळतच राहतं. आतला टॉवेल पाण्याला टेकतो तोपर्यंत. म्हणजे साधारण..."

त्यांचा हात आपोआप वीतभर पसरला आणि तसाच राहिला.

त्या दिवशी त्यांनी बाईंची माफी मागितली, फरशी पुसली आणि कोणी सांगितलं नसताना दाराला रंधा मारला. संध्याकाळी चहा घेताना त्यांनी जयवंतीला हळूच विचारलं, की तिला बाईंचा थोडासुद्धा संशय आला नव्हता का.

"त्यांचा नाही," ती म्हणाली. "तुमचा आला होता. एकट्या बाईच्या दाराकडे दिवसभर डोळा लावून बसलेला माणूस."

आत्माराम दचकले, पण मनातून किंचित सुखावलेही. त्यांनी उरलेल्या केसांवरून हात फिरवला. "मग?"

"मग तुमच्याकडे नीट बघितलं," जयवंती म्हणाली, "आणि गेला."