वसंतरावांची उपडी वाटी

लग्नाच्या पंगतीत वसंतराव खिशातून स्वतःचा चमचा काढतात, रश्शावरची लाल तर्री एका वाटीत काढतात आणि ती वाटी गार होऊ देतात. थंडीचे दिवस असतात. तर्री घट्ट बसली, की यजमानाला हाक मारून त्याच्या डोळ्यांदेखत वाटी उपडी करतात. थेंब पडत नाही.

"पडलं का बापा? नाई ना? मंग तुह्या नसेतून कसं सरकन?"

आमच्या नेर गावाकडे तर्री म्हणजे घरची इभ्रत. त्यामुळे निम्म्या लग्नांत त्यांना बोलावत नाहीत. तिथं ते न बोलावता जातात. हल्ली पंगत उठल्यावर मागच्या चुलीकडेही डोकावतात. "बायांच्या ताटात काय पाह्यता हो?" म्हणून शिव्या खातात, पण पाहून येतात.

वसंतराव कचेरीतले निवृत्त बाबू. एकदा हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेले. पुढं बायको, सुमन, त्याच दुखण्यानं गेली, तेव्हापासून घरात एकटे. "तर्री म्हणजे सरकार हाये. वर तरंगते आन् खालचं काई दिसू देत नाई," हे त्यांचं वाक्य मी माझ्या पत्रकावर छापलं होतं.

पत्रकं काढणारा माणूस मी, स्पष्टच लिहितो. कापूस मातीमोल झाला त्या वर्षांत सरकी आमच्या शेतातून गेली, तिच्याबरोबर सरकीचं तेल गेलं आणि ताटात आलं स्वस्त वनस्पती तूप. ही थिजणारी चरबी रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, चांगलं घटवते. विकणारा हे सांगत नाही. वसंतराव फुकट सांगतात, तर ते येडे! बरं, तेलाशी त्यांचं वैर नाही. जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे ते आनंदानं खातात. "जे थिजते, ते नोको," एवढंच.

माझ्या बाबांना झटका आला आणि ते दवाखान्यातून घरी आले, तेव्हापासून वसंतराव रोज जेवणाच्या वेळी हजर. आईच्या हाताला तर्रीशिवाय रस्सा जमेना, बाबांना तर्रीशिवाय घास उतरेना.

"वसंता, थोडी तं राहू दे," बाबा गयावया करत.

"राहू देतो. तू राह्यतं का तर्री राह्यते, येक सांग."

मग भरलेली वाटी आईकडे देत. "वहिनी, हे फेका."

"हो भाऊजी," आई म्हणायची. त्यांच्यासमोर ती जेवत नसे. ते गेल्यावर, सगळ्यांच्या मागून बसायची.

बाबांचा चेहरा हळूहळू उजळला. ते अंगणात फिरू लागले. वसंतराव अशा तोऱ्यात वावरत, जणू यमाकडून पावती आणली.

एके दिवशी ते चमचा विसरून गेले आणि तो न्यायला अर्ध्या वाटेतून परतले. सरळ स्वयंपाकघरात शिरले. आई जेवत होती. ताटात कुस्करलेली भाकर, वर लालभडक थर.

"वहिनी, हे काय?"

आई ओशाळली. "तर्री. पैसे मोजून आणलेलं तूप फेकवते का, भाऊजी?"

वसंतराव चुलीपाशी बसले. मला वाटलं, आता सरकारवर भाषण होणार. त्यांनी विसरलेला चमचा उचलला.

"सुमननंही फेकली नाई," ते म्हणाले. "माह्या ताटातली रोज काढे. मी वाचून राह्यलो म्हून खुश होतो. ती काय खाऊन राह्यली, ते कधी चुलीपाशी येऊन पाह्यलंच नाई."

त्यांनी आईपुढचं ताट दूर सरकवलं, दुसरं घेतलं. भाकर ठेवली. चमच्यानं तर्री बाजूला सारून भांड्याच्या तळचा रस्सा वाढला.

"भाऊजी, तुमी कायले..."

"जेवा वहिनी."

आई संकोचून भिंतीकडे तोंड करून जेवली. तिनं हात धुतले, तेव्हाच ते उठले. "लग्नात मी दुसरा नेईन," म्हणत चमचा मात्र आईसाठी आमच्या मांडणीवर ठेवून गेले.