मी सासूबाईंच्या पिकअपला दिवे लावले

आधीच सांगून ठेवतो, विजेच्या कामात मला कोणी शिकवायचं नाही. सक्करदऱ्याच्या शाळेत नऊ वर्षं मी आठवीला विजेचा धडा शिकवत होतो. घंटी कशी वाजते, बल्ब कसा पेटतो, फ्यूज काहून उडतो, सगळं तोंडपाठ. फळ्यावर मी काढलेलं सर्किट आजवर एकदाही जळलेलं नाही!

म्हणूनच चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात सासुरवाडीला निघालो, तेव्हा पिशवीत पकड, पेचकस आणि जुन्या बाजारातून आणलेले ट्रकचे दोन हेडलाइट घातले. आमची उत्तरा म्हणाली, "आईच्या गाडीला हात लावू नका." बायकोचं ऐकलं असतं तर ही गोष्टच झाली नसती.

सासुरवाडी अमरावती रोडवर, बाजारगावच्या थोडी पुढे. सासरे वर्षापूर्वी गेले. मागे राहिली संत्र्याची बाग, एक जुनीपुराणी पिकअप आणि माझ्या सासूबाई, प्रयागबाई. लुगड्याचा पदर कमरेला खोचून ही बाई पिकअप चालवायची. सासऱ्यांनी हौसेनं बागेतल्या बागेत शिकवली होती. गावातली म्हातारी माणसं गाडी दिसली की रस्त्याच्या कडेला उभी राहायची, भीतीनं म्हणा नाहीतर मानानं म्हणा.

दरसाल बाग ठेक्यानं जायची. यंदा सासूबाईंनी ठरवलं, माल स्वतः त्याच रोडवरच्या वाडी गावच्या गोदामावर न्यायचा आणि कलकत्त्याच्या ट्रकमध्ये चढवायचा. त्यावर त्यांचे दीर महादेवराव ओट्यावर बसून सगळ्यांसमक्ष म्हणाले, "वहिनी, हे बाईमाणसाचं काम नोहे. पयली खेप चुकली तं पुढच्या सालापासून बाग मी पाहीन. मंग बोलाचं नाही."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

म्हणजे पाहा, त्या एका खेपेवर अख्खी बाग टांगलेली. ट्रक संध्याकाळी सातला सुटणार. ट्रक चुकला की संत्री सडणार आणि बाग दिराच्या हाती जाणार. अडचण एकच होती. गोदामाच्या अंगणात अंधार, जागा अरुंद, आणि पिकअप रिव्हर्समध्ये नेऊन ट्रकच्या पाठीला पाठ लावायची. सवय करायला त्या एकदा रिकामी गाडी घेऊन गेल्या, तेव्हा बागेचे जुने रखवालदार गणपतराव कंदील धरून मागे उभे राहिले होते. गणपतराव वाचले, कंदील चेपला.

"मामीजी," मी सासूबाईंना म्हणालो, "मागे दोन दिवे लावून देतो. रिव्हर्स टाकला की दिवसासारखा उजेड. अर्ध्या तासाचं काम."

इथं आमच्याकडची एक रीत ध्यानात घ्या. सासुरवाडीत जावयाची चूक कोणी काढत नाही. लग्नाच्या वर्षी मी अंधारात एका बैलाला गाय म्हणालो होतो. मी परत जाईपर्यंत त्या घरात सगळे त्या बैलाला गायच म्हणत होते.

दोनला निघायचं होतं. मी बाराला गाडीखाली शिरलो. फळ्यावर वायरी दोनच असतात. गाडीखाली अकरा निघाल्या, आणि ग्रीसनं सगळ्या काळ्या! शेवटी मागच्या बाजूची एक वायर बरी वाटली, तिला जोडून टाकलं. बाहेर आलो तेव्हा साडेचार वाजले होते. माझा चेहरा पाहून उत्तराच्या चुलत बहिणीनं मला ओळखलंच नाही.

"मामीजी, बसा. ब्रेकवर पाय दाबून ठेवा, गाडी हलली नाही पाहिजे. आता रिव्हर्स टाका."

मागचे दोन्ही दिवे असे काही पेटले की अंगणातल्या कोंबड्या खुराड्यात शिरल्या. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. महादेवरावसुद्धा "वा" म्हणाले.

संत्र्याच्या पेट्या आधीच चढवलेल्या होत्या. मी ऐटीत सासूबाईंच्या शेजारी बसलो. फाटकापाशी त्यांनी गाडी थांबवली. मागे उभ्या असलेल्या गणपतरावांनी डोळ्यांवर आडवा हात धरला आणि ओरडले, "बाई, लाइट तं..."

"गणपतराव, फाटक लावा," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी आरशात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "लय बेस काम केलं जवाईबापू," म्हणाल्या आणि गिअर टाकला.

रस्त्यावर आलो तेव्हा ऊन कलत होतं. दोन-तीन मैलांवर एक कुत्रं आडवं आलं. सासूबाईंनी कचकन ब्रेक मारला. कुत्रं वाचलं, पण मागे धडधड, खडखड असा आवाज झाला आणि कोणीतरी कोणाच्या तरी आईची आठवण काढली. मी मान वळवून पाहिलं, पण पेट्यांच्या थप्पीमागचं काही दिसेना.

"काय झालं मामीजी?"

"काही नाही. एक ट्रक वावरात गेला. निघून राहिला भाईर."

"आजकाल कोणीही ट्रक चालवतं," मी म्हणालो.

त्यानंतर जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. या बाईनं ब्रेकला पायच लावला नाही! समोर बैलबंडी आली, चौथ्या गिअरवरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा, इंजिन कण्हतंय, आणि बंडीच्या मागे हातभर अंतरावर गाडी मुंगीच्या चालीनं. पुढं गोंडखैरीचा उतार लागला, म्हशींचा कळप रस्त्यावर, अंधार पडलेला. मी देवाचं नाव घेतलं. सासूबाईंनी गिअर पाडला, हातब्रेक वर ओढला, पुन्हा सोडला, आणि म्हशींच्या मधून गाडी अशी काढली की एकीनंही शेपूट हलवलं नाही.

"मामीजी, ब्रेक काहून नाही दाबत?" माझा आवाज जरा चिरकाच निघाला.

"ब्रेकनं टायर घासते, जवाईबापू."

मला ते पटलं. आठवीच्या पुस्तकात घर्षणाचाही धडा होताच.

सात वाजायला दहा मिनिटं असताना आम्ही वाडीच्या गोदामात शिरलो. पाठोपाठ एक रिकामा ट्रक आला. त्याच्या समोरच्या जाळीत तुरीची झाडं शेंगांसकट अडकली होती. ड्रायव्हर उडी मारून उतरला. हाच तो कलकत्त्याचा ट्रक आणि हेच त्याचे ड्रायव्हर वामनराव, अमरावतीहून माल घ्यायला येऊन राहिले होते.

"कोनाची गाडी हाय हे?" ते गरजले. "ब्रेक मारला का दोन हेडलाइट माह्या डोळ्यात! मले वाटलं, समोरून ट्रक येऊन राहिला अंगावर. सीधा वावरात घातली न मी गाडी. कोन्या गाढवानं रिव्हर्सचा लाइट ब्रेकच्या वायरले जोडला?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अंगणात दिवे पेटले ते रिव्हर्समुळे नव्हे, सासूबाईंचा पाय ब्रेकवर होता म्हणून. आणि त्यांना हे फाटकापाशीच कळलं होतं. पायाखालची जमीन दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेलो असतो.

मी तोंड उघडणार तोच सासूबाई खाली उतरल्या.

"मीच सांगतलं तसं जोडाले," त्या म्हणाल्या. "आमचे जवाई नाही म्हनत होते. शाळेत मास्तर हायेत, वीज शिकवतात. मी त्याइचं ऐकलं नाही."

"मंग माल बी तुमचा तुमीच न्या कलकत्त्याले. मी नाही नेत."

पेट्या, बाग, ओट्यावरचे महादेवराव, सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि हे सगळं माझ्या एका वायरीपायी. सासूबाई मात्र शांत होत्या.

"भाऊ, तुमी मागंच होते न? त्या वावरानंतर लाइट एकदा तरी पेटला काय?"

वामनराव विचारात पडले. "नाही पेटला," ते म्हणाले. मग हळूच, "उतारावर बी नाही. म्हशी आल्या तवा बी नाही. म्हनजे तुमी ब्रेक मारलाच नाही?"

"कसा मारू? तुमी पुन्हा वावरात गेले असते."

वामनरावांनी जाळीतली तुरीची झाडं ओढून काढली. मग त्यांनी आपला ट्रक लावला आणि म्हणाले, "लावा बाई, पाठीले पाठ."

आता गंमत अशी, की ब्रेक दाबला तर उजेड, पण गाडी उभी. ब्रेक सोडला तर गाडी चाले, पण अंधार! सासूबाईंनी ब्रेक दाबला, मागचं सगळं डोळ्यांत साठवलं, सोडला, अंधारात हातभर मागे गेल्या, पुन्हा दाबला, पुन्हा पाहिलं. असं अकरा वेळा. गोदामातले हमाल बिड्या विझवून पाहत होते. पिकअप थांबली तेव्हा तिच्यात आणि ट्रकमध्ये चार बोटांचं अंतर होतं. वामनरावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पहिली पेटी स्वतः उचलली.

सव्वासातला ट्रक गेला. पुढच्या वर्षीचा ठेका, दिराचं ओट्यावरचं बोलणं, सगळं त्या ट्रकबरोबर गेलं. मी कित्येक माणसं पाहिली, पण त्या बाईसारखं माणूस पाहिलं नाही, हे मी आजही कोणालाही सांगतो.

परत येताना मी कसाबसा म्हणालो, "मामीजी, सांगायचं तरी मला."

"काय सांगाचं होतं?" त्यांनी विचारलं आणि बैलबंडी दिसताच गिअर खाली घेतला.

संक्रांतीला पुन्हा गेलो. पिकअपखाली नवी कोरी वायर, दिव्याला वेगळा खटका, सगळं एखाद्या मिस्त्रीच्या हातचं.

"उंदरानं कुरतडली जी तुमची वायर," सासूबाई हळहळत म्हणाल्या. "लय चांगली होती. म्हनून मंग ही टाकून घेतली."

मी गुरांच्या कोठ्यात गेलो. उंदरानं कुरतडलेली ती वायर अख्खीच्या अख्खी, नीट वेटोळी करून, सुतळीनं बांधून खुंटीला टांगली होती. मी बाहेर आलो, पाटावर बसलो आणि म्हणालो, "उंदीर फार झालेत, मामीजी."