ते हिच्याकडे आहे

सावंतांना चहात किती साखर लागते, हे सावंतांना माहीत नव्हतं.

खोटं वाटेल, पण ठाण्याच्या आमच्या रंगाच्या कंपनीत नव्या कॅन्टीनवाल्याने विचारलं, "साहेब, साखर किती?" तेव्हा सावंत शांतपणे म्हणाले, "ते हिच्याकडे आहे." आणि उठून फोनपाशी गेले. फोन लावला तो डोंबिवलीला, माझ्या घरी. आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो आणि त्या काळात अख्ख्या जिन्यात फोन फक्त आमच्याकडे होता. माझ्या बायकोने, मालतीने, खालून हाका मारून तिसऱ्या मजल्यावरच्या सुनंदावहिनींना बोलावलं. वहिनी कणकेच्या हातांनी धावत आल्या. त्यांना वाटलं, गावाकडे कोणीतरी गेलं. पलीकडून नवऱ्याने विचारलं, "सुनंदा, मला साखर किती लागते?"

"एक चमचा," असं सांगून वहिनी पुन्हा कणीक मळायला गेल्या. इकडे चहा पार गार झाला होता.

माणूस वेडा नव्हता. या वागण्याला कारण कंपनीत आलेला कॉम्प्युटर. त्याआधी आमच्याकडे प्रत्येक खातं गिऱ्हाइकांचे पत्ते आपापले वेगळे ठेवायचं. एका गिऱ्हाइकाने गोदाम दिव्याहून माजिवड्याला हलवलं, तर रंगाचे डबे दिव्याला गेले, बिल माजिवड्याला गेलं आणि दिवाळीची मिठाई आंबिवलीला, जिथे त्या बिचाऱ्याचं कधीच काही नव्हतं. मग कंपनीने सावंतांना कॉम्प्युटरच्या कोर्सला धाडलं. तिथल्या मास्तरांनी सांगितलं, कुठलीही माहिती एकाच जागी ठेवा, बाकीच्यांनी ती तिथूनच घ्यायची. दोन जागी ठेवलीत की आज ना उद्या दोन्हीकडे वेगळं सापडेल.

सावंतांनी परत येऊन सगळे पत्ते एका जागी आणले आणि घोटाळे खरंच थांबले. इथपर्यंत ठीक होतं. पण मास्तरांनी कानमंत्रच दिला असावा, तसं सावंत ते वाक्य घरीही घेऊन आले.

पहिल्यांदा घरातलं दुसरं घड्याळ गेलं. "दोन घड्याळं म्हणजे दोन वेळा," सावंत म्हणाले. मग दारावरची पाटी गेली, कारण त्यांचं नाव खाली जिन्याच्या बोर्डावर होतंच. पोस्टमन तीन मजले चढून यायचा, कोरं दार बघून गोंधळायचा आणि बेल वाजवायचा. सावंत दार उघडून त्याला म्हणायचे, "नाव खाली आहे." तो खाली जाऊन वाचायचा आणि पुन्हा वर यायचा. शेवटी त्याने सावंतांची पत्रं माझ्याकडे टाकायला सुरुवात केली.

घरातल्या प्रत्येक माहितीला सावंतांनी एकेक मालक नेमला होता. मूलबाळ नव्हतं, दोघंच. त्यामुळे वाटणी सोपी होती. ऑफिसचं सावंतांकडे आणि उरलेलं सगळं जग वहिनींकडे. सत्यनारायणाच्या पूजेला भटजींनी गोत्र विचारलं तर सावंत म्हणाले, "ते हिच्याकडे आहे." भटजींनी नक्षत्र विचारलं. तेही हिच्याकडे. भटजी वैतागून म्हणाले, "मग पूजेला तरी तुम्ही कशाला बसलात?"

वहिनी हसत सगळं सांभाळायच्या. मालतीला म्हणायच्या, "लग्नाआधी कळलं असतं ना, तर माहेरून एक कपाट जास्तीचं आणलं असतं."

आणि एका दुपारी मालतीचा ऑफिसात फोन आला. पाण्याची बादली घेऊन चढताना वहिनी जिन्यावरून पडल्या होत्या. मी आणि सावंत तसेच निघालो. नर्सिंग होममध्ये पोचलो तेव्हा मालती बाहेरच उभी होती. वहिनींच्या पायाचं हाड मोडलं होतं, डोक्याला मार लागला होता आणि त्या शुद्धीवर नव्हत्या.

"पेशंटचे मिस्टर कोण?" डॉक्टरांनी विचारलं. "ऑपरेशन लगेच करायला हवं. कुठल्या औषधाचा त्रास होतो का त्यांना?"

"होतो," सावंत म्हणाले. "एकदा माहेरी एका इंजेक्शनने ती अंगभर सुजली होती. जिवावर बेतलं होतं."

"कुठलं इंजेक्शन?"

सावंतांनी तोंड उघडलं. आतल्या बंद दाराकडे बघितलं. सवयीने म्हणाले, "ते हिच्याकडे आहे."

"अहो, त्या बेशुद्ध आहेत!"

खिसे चाचपावेत तसा हा माणूस स्वतःचं डोकं चाचपत होता आणि तिथे काहीच नव्हतं.

"पेनिसिलीन," मालती मागून म्हणाली. "अजिबात देऊ नका, डॉक्टर. आणि ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे, रोज सकाळची."

डॉक्टर आत पळाले. सावंत मालतीकडे वळले. "गोळी? कधीपासून?"

"वर्ष होईल, भावजी."

"मग मला कसं माहीत नाही?"

मालती जरा अडखळली. "तुम्ही विचारलं नाहीत, असं म्हणाल्या त्या."

वहिनींनी नवऱ्याचा नियम कधी पाळलाच नव्हता. गच्चीवर पापड वाळवताना, जिन्यात उभ्या उभ्या, भाजीच्या पिशव्या हातात घेऊन त्यांनी आपलं सगळं बिल्डिंगभर सांगून ठेवलं होतं. ज्याला सावंत घोटाळा म्हणायचे, त्या घोटाळ्यानेच त्यांची बायको वाचवली.

ऑपरेशन होईपर्यंत सावंत बाकावर बसून होते. मग म्हणाले, "म्हात्रे, सगळं तिच्याकडे आहे म्हणजे सगळं नीट आहे, असं मला वाटायचं. पण तिचं स्वतःचं काय आहे, ते मी कधी बघितलंच नाही हो." आणि रडायला लागले. मला त्यांची दया आली आणि रागही आला. मी नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भेटायला गेलो, तेव्हा वहिनी चांगल्या शुद्धीवर होत्या. पाय प्लास्टरमध्ये, डोक्याला पट्टी. सावंत स्टूल ओढून अगदी जवळ बसले होते.

"सुनंदा, तुला काय आवडतं?"

"अगंबाई, आत्ता?"

"हो, आत्ताच सांग."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं, नवऱ्याच्या डोक्यालाही मार लागलाय की काय, अशा नजरेने. मग छताकडे बघत त्यांनी खरंच विचार केला.

"खिडकी," त्या म्हणाल्या. "कणकवलीला जाताना एसटीत तुम्ही बसता ना, ती जागा. तिथे बसायला मला फार आवडेल."

सावंत उठले. त्यांनी वहिनींची खाट धरली आणि ओढायला लागले. खाटेला चाकं होती, पण त्यातलं एक अडकलेलं. "म्हात्रे, बघता काय? पायाकडून जोर लावा!" मी लावली ताकद. शेजारच्या पेशंटचं स्टूल आडवं झालं, सलाइनचा स्टँड डुगडुगला, वहिनी "अहो, अहो" करत राहिल्या. आवाज ऐकून नर्स धावत आली.

"काय चाललंय हे? खाट कुठे नेताय?"

"हिला खिडकी आवडते," सावंत तिला म्हणाले.

नर्सने मग सलाइनचा स्टँड धरला. खाट खिडकीला लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या बिल्डिंगची गच्ची आणि दोरीवर वाळणाऱ्या चादरी. वहिनी उशीवर मान वळवून ते सगळं बघत राहिल्या. सावंत खिडकीकडे पाठ करून त्यांच्याकडे बघत बसले होते. मी जातो म्हणालो, तेही त्यांना ऐकू गेलं नाही.