हसण्यापूर्वीची तपासणी

पिपलानीच्या मराठी मंडळाने सखोल विचारांती ठराव केला की, यापुढे कोणत्याही सभासदाने साडेतीन स्टारच्या खालचा सिनेमा पाहू नये. इंटरनेटवरचे स्टार विकतचे असतात, म्हणून मंडळाने स्वतःचीच समिती नेमली. अध्यक्ष अर्थातच रवींद्रराव. कारखान्यात त्यांची हयात माल तपासण्यात गेली होती. त्यांच्या पसंतीवाचून घरात दुधीभोपळासुद्धा येत नसे.

त्यांच्या पत्नीला, वासंतीबाईंना, एक विनोदी सिनेमा बघायचा होता. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे घरात बसून बसून त्या पार आंबून गेल्या होत्या. त्यांना एकदा मोठ्याने हसायचं होतं, बस्स! आणि सिनेमा गुरुवारी थिएटरातून उतरणार होता.

अडचण एवढीच होती की, स्टार मिळाल्याखेरीज सिनेमा पाहता येत नव्हता आणि समितीतले लोकही सभासदच होते. तेव्हा समितीने नियमाला धरून तो न पाहताच तपासला.

"पोस्टरवर हीरो डोळे मटकावतोय," विलासराव म्हणाले. "एकदम बकवास. दोन स्टार कापा."

"माझ्या मिसरोदच्या नणंदेला फार आवडलाय," वैजयंतीबाई म्हणाल्या. "म्हणजे अजून एक कापा."

शेवटी दोन उरले.

"अहो, पण मला हसायचंय!" वासंतीबाई म्हणाल्या.

"दोन स्टारवर?" रवींद्रराव दुखावून म्हणाले. "लोक काय म्हणतील!"

गुरुवारी भजनाला जाते असं सांगून वासंतीबाई सिटी बसने थेट थिएटरात गेल्या. अंधारात खुर्ची सापडायच्या आतच त्यांना हसू फुटलं. पुढच्या रांगेत कुणीतरी मांडीवर थापा मारत होतं, मागे कुणाला हसून हसून ठसका लागला होता. वासंतीबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. जीव कसा हलका झाला!

मध्यंतराला दिवे लागले. पुढे रवींद्रराव होते. मागे ठसका आवरणारे विलासराव, आणि कोपऱ्यात पदराआड वैजयंतीबाई.

"अचानक तपासणी," रवींद्रराव घसा खाकरून म्हणाले.

"दोनच स्टार. बरोबर होतं आपलं," विलासराव म्हणाले.

उत्तरार्ध तर आणखी धमाल होता. मंडीदीपच्या कारखान्यातले कामगार हसून खुर्च्यांवरून घसरत होते. मंडळ मात्र ओठ मिटून बसलं. वासंतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो विलासरावांकडे पाहत होता, विलासराव वैजयंतीबाईंकडे. मग वासंतीबाईंनीही तोंडात रुमाल कोंबला. घरी येईपर्यंत त्यांना त्याचं फार वाईट वाटत राहिलं.

तर मंडळी, हे वाचून तुम्हाला हसू येत असेल, तर घाई करू नका. बाकीचे हसलेत का, ते आधी बघून घ्या.