पहाटे पाचच्या दोघी

सार्वजनिक हिताच्या दृष्टीने कोणीही कोणाबरोबर वाटेल तसं राहू नये, असा निर्णय झाला आणि शहरातला जागांचा प्रश्न कायमचा सुटला. पूर्वी जागाच नसायच्या. आता ओळीने बांधलेल्या, रंग दिलेल्या जागा तयार होत्या. प्रत्येकीत दोन खाटा, एक टेबल, एक ओटा, आणि साध्या माणसाला परवडेल असं भाडं. अट एवढीच, की त्या दोन खाटांवर झोपणारी माणसं एकमेकांना किमान पंच्याण्णव टक्के अनुरूप असली पाहिजेत. हे टक्के काढण्यासाठी सहनिवास अनुरूपता मंडळ नेमण्यात आलं होतं. मंडळाचे पाच सदस्य एकमेकांशी बोलत नसल्यामुळे काम निःपक्षपातीपणे चाले.

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका कार्यशाळेत एक बाई कामाला होती. सगळे तिला कवळीवाली म्हणत, आपणही तेच म्हणू. ती तीन वर्षं दादाच्या घरी बैठकीतल्या सोफ्यावर झोपत होती. वहिनी तोंडाने कधी वाकडं बोलली नाही. 'तुला कोणी जा म्हणतंय का गं?' असं ती आठवड्यातून दोनदा विचारायची, आणि विचारताना नेमक्या सोफ्याच्या खोळी धुवायला काढायची. शेवटी दादानेच वर्तमानपत्रातून मान वर न करता सांगितलं, की सोफा विकलाय आणि एक तारखेला लोक न्यायला येणार आहेत. सोफ्याबरोबर आपणही जायचं आहे, हे न कळण्याइतकी कवळीवाली बावळट नव्हती.

तिने मंडळाचा नमुना क्रमांक सात आणला. त्यात एकशे बारा प्रश्न होते. तिने ते प्रामाणिकपणे सोडवले. उठते आठला, तेही नाइलाजाने. न्हाताना गाते. चहात साखर तीन चमचे. उतरवलेले कपडे खुर्चीवर, खुर्ची भरली की दुसऱ्या खुर्चीवर. गप्पा मारायला आवडतात, माणूस नसलं तर एकटीही मारते. पाल दिसली तर किंचाळते.

निकाल आठ दिवसांत लागला. चार हजार अर्जदारांपैकी एकाशीही तिचं जमत नव्हतं. खाली लाल शाईत शेरा होता : अर्जदार स्वतःशीही एकोणसाठ टक्केच अनुरूप.

खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि त्याला तिची दया आली.

"बाई, तुम्ही खरं लिहिलंय."

"मग काय लिहायचं?"

"ते सांगणं नियमात बसत नाही. समोरच्या जिन्याने वर जा, तिथे क्लास आहे. माझा मेव्हणाच शिकवतो."

मेव्हणा एका आठवड्यात आदर्श सहनिवासी तयार करून देत असे. त्याच्याकडे छापील उत्तरं होती आणि ती पाठ करून घ्यायची त्याची पद्धत कडक होती. आदर्श सहनिवासी पहाटे पाचला उठतो आणि दोन तास शांत बसतो. बिनसाखरेचा चहा घेतो. गात नाही. कपड्यांची घडी अंगावरून उतरतानाच घालतो. कामापुरतंच बोलतो आणि कामही शक्यतो काढत नाही. पाल दिसल्यास तिला कागदावर घेऊन सन्मानाने बाहेर सोडतो. शंभर जणांच्या वर्गात कवळीवालीने हे सगळं घोकलं आणि नव्याने अर्ज भरला. या खेपेस ती तेराशे बारा अर्जदारांशी शंभर टक्के अनुरूप निघाली.

सोफा जायच्या आदल्या दिवशी तिला जागा मिळाली. दुसऱ्या खाटेवर भूमापन कार्यालयात नकाशे काढणारी एक बाई आली. दोघींनी एकमेकींना नमस्कार केला, आपापली बॅग खाटेखाली सरकवली आणि अनुरूपतेला सुरुवात झाली.

पहाटे पाचला दोन गजर एकदम वाजत. दोघी उठून आपापल्या खाटेवर ताठ बसत आणि सात वाजेपर्यंत समोरच्या भिंतीकडे पाहत. मग कडू चहा. मग घड्या. नकाशेवाली पापणीही न हलवता चहा संपवी, ते पाहून कवळीवालीला धडकी भरे. ही बाई खरोखरच आदर्श आहे, आपली एक जांभई पकडली गेली की आपण रस्त्यावर, असं तिला वाटे. आंघोळीला ती तोंडात रुमालाचा बोळा धरून जाऊ लागली, गाणं बाहेर पडू नये म्हणून. दुपारी कामाच्या टेबलावर ती बसल्या बसल्या पेंगे, आणि एकदा तिने एका सेवानिवृत्त न्यायाधीशांच्या कवळीत पुढच्या दाताच्या जागी दाढ बसवली. तिकडे नकाशेवालीने डुलकीच्या भरात एक नदी डोंगरावर चढवली. वरिष्ठांनी सही केल्यामुळे ती नदी अजून तिथेच आहे.

तीन महिने असे गेले. मग एका सकाळी ओट्यावर पाल आली.

नियमाप्रमाणे दोघींपैकी कोणीतरी कागद घेऊन पुढे व्हायला हवं होतं. त्याऐवजी दोघींनी एकाच सुरात किंकाळी फोडली आणि दोघी एकाच खाटेवर चढून एकमेकींना घट्ट धरून उभ्या राहिल्या. पाल निघून गेली तरी त्या तशाच होत्या. आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही.

"तुम्ही पाचला का उठता हो?" कवळीवालीने विचारलं.

"तुम्ही उठता म्हणून."

"मी तर तुम्ही उठता म्हणून उठते."

"अगं बाई," नकाशेवाली खाली बसली. "साखर आहे का गं तुझ्याकडे? माझ्या बॅगेत दडवलेली संपली."

त्यानंतरचे दहा दिवस कवळीवालीच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते. दोघी आठला उठत, तेही एकमेकींना शिव्या घालत. एक न्हाताना गाई आणि दुसरी बाहेरून चाल धरी. दोन्ही खुर्च्या कपड्यांनी भरल्या. दोघींनी आपापल्या साहेबांची इतकी नक्कल केली, की ते साहेब समोर आले असते तर खोटे वाटले असते. आपल्याला हक्काची मैत्रीण मिळाली, या वयात मिळाली, या आनंदाने कवळीवालीला कामावरही उगीच हसू येई. त्या दिवसांत बनलेल्या कवळ्या तक्रारीशिवाय बसल्या.

अकराव्या दिवशी मंडळाचा निरीक्षक प्रत्यक्ष आचरण पडताळणीसाठी आला. त्याने खुर्च्या पाहिल्या, साखरेचा डबा पाहिला, आठ वाजून दहा मिनिटांनी विस्कटलेल्या दोन खाटा पाहिल्या, आणि वहीत शून्य लिहिलं.

"तुम्ही दोघी अनुरूप नाही."

"साहेब, आमचं फार छान पटतं हो," नकाशेवाली म्हणाली.

"पटत असेल, मी नाही कुठे म्हणतोय? पण मंडळाने ही जागा पहाटे पाचला उठणाऱ्या दोघींना दिली होती. त्या कुठे आहेत?"

मूळ रहिवासी बेपत्ता आणि त्यांच्या जागी दोन अनधिकृत बायका, असा पंचनामा झाला. चोवीस तासांत जागा सोडायची होती. मात्र निरीक्षक माणुसकी असलेला होता, त्याने नमुना क्रमांक एकोणीस पुढे केला. सहनिवाशाच्या खोटेपणाची लेखी माहिती जी देईल, तिची खाट कायम राहणार होती. एकमेकींवर दडपण येऊ नये म्हणून एकीला खोलीत बसवलं, दुसरीला जिन्यात. वेळ पंधरा मिनिटं.

कवळीवाली जिन्यात होती. तिला पाल आठवली, बाहेरून धरलेली चाल आठवली. मग तिला दादाची बैठक आठवली, जिथे आता सोफाही नव्हता. तिने लिहिलं : 'सहनिवासी आठला उठते. न्हाताना गाते. चहात तीन चमचे साखर घालते. पालीला घाबरते. खोटं लिहून तिने जागा मिळवली. मी एकटीच नियमाने वागते.' लिहून झाल्यावर ती रडली, पण कागद ओला होऊ दिला नाही.

निरीक्षकाने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. त्याने ते दोनदा वाचले, बोट ठेवून ताडून पाहिले. दोन्हींत तीच सहा वाक्यं होती, त्याच क्रमाने, शेवटच्या शब्दापर्यंत.

"शंभर टक्के," तो म्हणाला, आणि त्याने वहीतलं शून्य खोडलं. नोकरीत त्याने इतकी अस्सल अनुरूपता पाहिली नव्हती. दोघींची जागा जागच्या जागी तीन वर्षांसाठी कायम करण्यात आली.

दोघी आता तिथेच राहतात. पहाटे पाचला उठतात आणि सातपर्यंत भिंतीकडे पाहत बसतात. यात आता सोंग उरलेलं नाही, कारण झोप दोघींनाही लागत नाही. त्या कामापुरतंच बोलतात. मंडळाने त्यांचा फोटो माहितीपत्रकावर छापला आहे.

या प्रकरणातून धडा घेऊन मंडळाने नमुना क्रमांक सातमध्ये एकशे तेरावा प्रश्न घातला : 'डोक्यावरचं छप्पर जायची वेळ आली, तर आपण सहनिवाशाचा विश्वासघात कराल का?' आजवर आलेल्या एकूण एक अर्जांत त्यापुढे 'नाही' असंच लिहिलेलं आहे. त्या दोघींनीही नूतनीकरणाच्या वेळी तेच लिहिलं. आणि आत्ता हे वाचता वाचता तुम्हीही मनातल्या मनात तेच लिहिलंत. अभिनंदन. तुमचं त्या दोघींशी उत्तम जमेल.