अंबादासरावांची हरकत

अंबादासरावांची गोष्ट मी पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे, पण नेहमी अर्धीच. लोक हसले की मी थांबत असे. पुढचं सांगायचं वर्षानुवर्षं टाळलं. आता ते नाहीत, माझंही वय झालं. तेव्हा एकदा पूर्ण सांगून टाकतो.

हसण्याचा भाग असा. गौलीगुड्यात आमचं घर आणि त्यांचं घर एकाच छपराखाली होतं. मधली भिंत माणसाच्या उंचीपेक्षा थोडी वर जाऊन थांबलेली, तिच्या वर कवेलूंपर्यंत, म्हणजे छपराच्या कौलांपर्यंत, सगळं मोकळं. त्यामुळे आमच्या घरात कुणी काही बोललं की अंबादासराव भिंतीपलीकडून त्यात भाग घेत. ते एकटेच राहत. कोर्टात पेशकार, म्हणजे जज्जापुढे कागद ठेवणारे कारकून, होते. निवृत्त झाले, पण कोर्ट सुटलं नाही. "रविवारी मलकपेठला मावशींकडे जाऊ," असं मी बायकोला म्हणालो की पलीकडून खणखणीत आवाज, "हरकत आहे! वहिनींची कंबर दुखायलीय." आमटीला फोडणी बसली की, "वहिनी, हिंग कमी पडला." नवरा-बायकोचं भांडण कुजबुजत करावं, तर शेवटी निकाल यायचा, "मास्तर, तुमचा दावा खारीज!" आणि ही, माझी सख्खी बायको, खुदकन हसायची.

शाळेत अख्खा वर्ग माझ्यापुढे चिडीचूप बसे. घरात मला एक वाक्य पुरं करता येत नसे.

त्या वर्षी आमची मुलगी सुधा नांदेडहून बाळंतपणाला आली होती. नातू झाला आणि अंबादासराव जास्तच चेकाळले. बाळ रडलं की लगेच, "वहिनी, अर्जदार भुकेला आहे!" मी चिडून म्हणायचो, "त्याची आई बसलीय ना इथं?" उत्तर यायचं, "मग सुनावणीला उशीर कायकू?"

चैत्रातल्या एका दुपारी गारा कोसळल्या. "गारा पडायल्यात, वहिनी! लेकराला पलंगाखाली घ्या, जल्दी!" असं ओरडत, डोक्यावर पितळी परात धरून ते स्वतःच आमच्या दारात आले. बाळ सुधाच्या कुशीत पाहिलं आणि तसेच परत गेले. गारा थांबल्या तेव्हा बाळंतिणीच्या खोलीतून सरळ आभाळ दिसत होतं.

ते दिवस असे की गल्लीत सगळ्यांना स्लॅबचे डोहाळे लागले होते. घरोघर केबलच्या वायरी लोंबत होत्या, बिल्डरांची माणसं रंगीत कागद वाटत फिरत. मी म्हटलं, आपणही हे छप्पर उतरवून स्लॅब टाकू. छप्पर एकच, म्हणून त्यांची संमती हवी होती.

"हरकत आहे," अंबादासराव म्हणाले. "स्लॅबला महिने लागतील. तोवर लेकरू कुठं राहील?"

"नांदेडला. त्याच्या घरी."

या वेळी हरकत न घेता ते निघून गेले. मी जिंकल्याच्या आनंदात होतो, त्यामुळे लक्षात आलं नाही.

जावयाचा निरोप आला की छप्पर गळत असेल तर रविवारी येऊन सुधाला घेऊन जातो. सुधाला इतक्यात पाठवायला ही तयार होईना, म्हणून स्लॅब लांबणीवर टाकून मी नामपल्लीकडून ऑटोभर नवी कवेलू आणली. ती बसेचनात. आमच्या जुन्या कवेलूंच्या खाचा निराळ्या, आणि ती करणारा कारखाना कधीच बंद पडलेला. शिडीखाली अंबादासराव उभे होतेच. "मास्तर, हे काय लग्न आहे, कसंही जुळवून घ्यायला?" मी शिडीवर दात-ओठ खाल्ले.

दोन दिवसांनी शाळेतून आलो, तर त्यांच्या ओट्यावर जुनी, धड कवेलू नीट रचून ठेवलेली. मला वाटलं, माझ्या बाजूची उतरवून यांनी स्वतःकडे लावायला घेतली. माझा तोल गेला.

"पेशकारसाहेब! बाळंतीण उघड्यावर पडलीय आणि तुम्ही तिच्या डोक्यावरची कवेलू चोरता?"

गल्ली गोळा झाली. चोर हा शब्द मी पुन्हा, सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असा उच्चारला. आता हरकत येणार म्हणून मी कंबर कसून उभा होतो. ते एवढंच म्हणाले, "हौ मास्तर. जरा हळू. लेकरू आत्ताच झोपलंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच बोलावलेला कवेलू फेरणारा आला आणि तीच कवेलू सुधाच्या खोलीवर चढू लागली. त्यातही लबाडी होऊ नये म्हणून मी शिडीवर चढलो आणि आढ्यावरून पलीकडे पाहिलं. त्यांच्या अर्ध्या छपराचे नुसते वासे उरले होते. खाली खाटेवर मच्छरदाणीसारखं प्लास्टिक बांधलेलं, आणि त्यात बसून ते पेपर वाचत होते.

स्वतःची कवेलू उतरवून देण्याचं कारण त्यांनी हिला सांगितलं, मला नाही. "वहिनी, लेकरू रडलं की वाटतं, घरात माणसं आहेत. गळायलंय म्हणून जावई त्याला घेऊन जातील, याचं भ्या वाटलं."

सुधा राहिली. पण त्या दिवसापासून भिंतीपलीकडून आवाज येणं बंद झालं. हिंग कमी पडला तरी कुणी काही म्हणेना. घर इतकं शांत झालं की मला माझी वाक्यं पुरी करता येऊ लागली, आणि बोलायला काही सुचेना.

एका संध्याकाळी जेवताना ही म्हणाली, "माफी कधी मागणार?"

"उद्या सकाळी."

"नक्की?"

"नक्की. चारचौघांत चोर म्हणालो, चारचौघांतच मागीन."

पलीकडे ते जेवत होते. ताटाचा आवाज थांबला.

सकाळी दार उघडलं तर अंबादासराव त्यांच्या ओट्यावर बसलेले. गुळगुळीत दाढी, आणि त्या उन्हाळ्यात अंगात कोर्टाचा काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. शेजारी एक रिकामी खुर्ची मांडलेली, पुसलेली. नळावर गल्लीतली माणसं होती. मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. ते बसल्या जागेवरून अर्धे उठले.

"अंबादासराव," मी म्हणालो, "आज ऊन फार आहे."

ते परत खाली बसले.

"हौ मास्तर," ते म्हणाले. "फार आहे."