सोमवारचे हात

सोमवारी सकाळी आमच्या शाळेच्या फाटकाशी एक गृहस्थ मुलांचे तळहात हुंगत उभे असत. नव्या माणसाला तो काही विधी वाटे, किंवा सरळसरळ वेड. हे आमचे चुरी सर. शिकवायचे भूगोल, जीव मात्र अडकलेला नववी-दहावीच्या शेवटच्या दोन बाकांत, जिथे माझ्या मराठीच्या तासाला कविता सुरू होताच माना एकेक करून वहीवर टेकत.

या मुलांसाठी सरांनी एक उपक्रम काढला होता. शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की प्रत्येकाने दोन तास कुठेतरी काम शिकायला जायचे. कुणी पालघरच्या गॅरेजात, कुणी बेकरीत, कुणी शिवणाच्या दुकानात. पुस्तकावर न ठरणारे मन निदान पान्यावर, कात्रीवर ठरेल, अशी त्यांची श्रद्धा. आणि सोमवारी फाटकाशी ही झडती.

"हात दाव." सर तो तळवा आपल्या दोन्ही हातांत धरत, डोळे मिटत, खोल श्वास घेत. "पाव. आन नानकटाईपण. मालकानं खाऊ घातली वाटतं! पळ." पुढचा हात. "हे ग्रीस गॅरेजातलं नाय रे. सायकलीच्या चैनीला हात पुसून आलास. वास खोटं बोलत नाय!"

मुलगा थक्क, रांगेत हशा.

मला त्या नाकाचा हेवा वाटे. ओल्या खडूचा, पावसाळी चपलांचा, केळव्याहून येणाऱ्या मुलींच्या केसांतल्या खोबरेलाचा वास मी आयुष्यभर शब्दांत धरू पाहिला. सर तो एका श्वासात वाचत. एकदा शाळेची खिचडी करपली. तो कडवट धूर सातवीपर्यंत पोहोचला, मुले नाक धरून बाहेर आली. आणि सर स्वयंपाकघराच्या खिडकीखाली शांतपणे पेपर वाचत बसलेले. "आज खिचडीला उशीर का हो, बाई?" मी पोट धरून हसले. हसून विसरले.

तारापूरच्या रसायनांच्या कारखान्यांत मात्र त्यांनी एकही मूल धाडले नाही. मुख्याध्यापक कुरकुरत, "अहो, सगळ्यांत जास्त काम तिथंच आहे."

"तिथं धाडायला माजी गरज नाय. पाड्यावर गाडीच येते न्यायला."

उपक्रम फळाला आला, असे म्हणण्याचे धाडस माझ्यात नाही. पोरे एक-दोन महिने जात, मग ती गाडी त्यांना नेई. बेकरीवाल्याने अखेर हात जोडले, "सर, पोरगा पीठ मळायला शिकतो आन नाहीसा होतो. आता बस." दर वर्षी सोमवारची रांग आखूड होत गेली. सर आपले त्याच जागी उभे.

उरली होती मंदा. डोंगराकडच्या पाड्यातली, उमरोळीला मावशीकडे राहणारी. नववीचे अर्धे वर्ष माझ्या तासाला तिने तोंड उघडले नव्हते. सरांनी तिला एका वाडीत मोगऱ्याची रोपे करायला पाठवले. महिनाभराने मी फुलांची कविता शिकवत असताना मागून आवाज आला, "बाई, छाटल्याबिगर मोगऱ्याला कळी येत नाय." वर्ग वळून बघू लागला. मी कवितेचे पुस्तक मिटले. त्या ओळीपुढे त्यात काही नव्हते.

सोमवारी तिचा हात धरला की सरांचा चेहरा उजळे. तिने दहावी व्हावे, मग कृषी विद्यालयात जावे, यासाठी त्यांनी माहितीपत्रकही आणून ठेवले होते; त्याची घडी त्यांच्या खिशात मऊ पडली होती. दहावीच्या दिवाळीनंतर मंदा आली नाही. वडील अंथरुणाला खिळले होते. सर चार वेळा मावशीकडे गेले. चारही वेळा मावशी म्हणाली, "वाडीतच जाते वो सर. शाळेतपण येल."

फाल्गुनात आम्ही दोघे बोईसरला उपक्रमासाठी नवी दुकाने विचारीत हिंडलो. तीन नकार पदरात घेऊन रिक्षाच्या थांब्यावर उभे होतो. तारापूरच्या कारखान्यांची पाळी सुटली होती. ठेकेदाराच्या गाडीकडे निघालेल्या बायकांत मंदा दिसली. सरांना पाहून ती थबकली, आणि सवयीने तिचा तळहात पुढे आला.

सरांनी तो दोन्ही हातांत घेतला. डोळे मिटले.

मी शेजारीच होते. घशात टोचणारा, गंजल्या नाण्यासारखा तो वास माझ्या डोळ्यांत पाणी आणून गेला.

"मोगरा!" सर म्हणाले. "वाडीत जातेस ना अजून?"

मंदाने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली.

"जाते ना सर. कळ्या धरल्यात. लय."

"मंदे, चल गं, गाडी निघंल!" कुणीतरी ओरडले. तिने हात हळूच सोडवून घेतला.

गाडी गेली. सर तिकडेच पाहत म्हणाले, "बाई, वास कसला होता?"

मी चमकून त्यांच्याकडे पाहिले.

"कॉलेज करताना चार वर्सं मी त्याच कारखान्यांत होतो, रंगाच्या खात्यात. नाक तिथंच ऱ्हायलं. सोमवारचं सगळं मला मालक लोक रविवारी फोनवर सांगायचे."

"मग हुंगायचं कशाला, सर?"

"नुसता हात मागितला तर पोरं देतात होय? छडी बसंल म्हणून पाठीमागं लपवतात." ते माझ्याकडे वळले. "सांगा ना. कसला होता?"

"मोगऱ्याचा," मी म्हणाले.

सरांनी मान हलवली. शेवटच्या बाकावरच्या मुलाने चुकीचे उत्तर धीटपणे दिले की हलवीत, तशीच. मग आपला रिकामा तळहात त्यांनी नाकाशी नेला आणि डोळे मिटले.